जुना मोबाइल टीव्हीला जोडा. पण आधी त्यातली बँक काढा

निघोजे (ता. खेड) हे गाव चाकण औद्योगिक वसाहतीला लागून. इथे शेती आणि कंपनीची पाळी एकाच घरात नांदते. पोरगा कमावता झाला की नवा मोबाइल येतो आणि जुना कपाटात पडतो, नाहीतर भंगारवाल्याकडे जातो. वास्तविक काच तडकली तरी आतला संगणक बहुधा शाबूत असतो. तो टीव्हीला जोडला तर पिकांच्या माहितीचे व्हिडिओ, डीडी किसानचे कार्यक्रम, कीर्तन, घरच्या लग्नाचे फोटो असे सगळे मोठ्या पडद्यावर बघता येते.

जोडणीत मात्र बरेच जण फसतात. बाजारात टाइप-सी ते एचडीएमआय वायर मिळते. ती खोचली की चित्र येणार, असे वाटते. तसे नाही. चार्जिंगचे भोक सारखे दिसले तरी त्यातून चित्र बाहेर पाठवण्याची सोय सगळ्या फोनांत नसते. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस ८ (२०१७) मध्ये ती आहे. स्वस्तातल्या बहुतेक फोनांत नाही. त्याआधीच्या एस २ (२०११) ते एस ५ (२०१४) या फोनांची पद्धतच निराळी, त्यांना एमएचएलचा जोड लागतो. म्हणून दुकानात फोन सोबत न्यावा, तिथेच लावून बघावा, मगच पैसे मोजावेत. घरात स्मार्ट टीव्ही असेल तर वायरीची गरजच नाही. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर घेऊन 'कास्ट' करावे.

इंटरनेट नसले तरी बिघडत नाही. व्हिडिओ मेमरी कार्डात भरून ठेवावेत, व्हीएलसी हे फुकटचे अ‍ॅप ते चालवते. माउस ब्लूटूथचा घेतलेला बरा, म्हणजे चार्जिंगचे भोक मोकळे राहते.

आता खरी काळजीची गोष्ट. जुन्या फोनात यूपीआय असते, पासबुकाचा फोटो असतो, आधार असते, सातबाराही असतो. टीव्हीजवळ ठेवलेला फोन घरात येणारा-जाणारा कुणीही हाताळतो. शिवाय अशा फोनांना सुरक्षेची सुधारणा मिळणे बंद झालेले असते. क्रोमने तर २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ साठी नवी आवृत्ती देणे थांबवले. तेव्हा फोटो आधी नव्या फोनात घ्यावेत, बँकेची अ‍ॅप बंद करावीत, सिम आणि जुने मेमरी कार्ड काढावे. मग गुगल खाते काढून फोन कोरा करावा. खाते न काढता नुसती बटणे दाबून कोरा केला तर तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. टीव्हीसाठी वेगळे खाते उघडावे. भंगारात द्यायचा असला तरी हेच करावे.

दुसरा धोका बॅटरीचा. लिथियमची बॅटरी सदा पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की आत वायू धरून फुगते. फोनची पाठ उचललेली दिसली की वापर तिथेच थांबवावा. दाबू नये, टोचू नये, उकिरड्यावर तर मुळीच टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. चार्जर रात्री बंद करावा, फोनला हवा लागू द्यावी. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती चालू करावी. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये जुन्या फोनांचे छोटे संगणक-केंद्र बनवले, त्यांनीही आधी बॅटऱ्या काढून बाहेरून वीज दिली. आपण घरी फोन उघडायच्या भानगडीत पडू नये, ते काम कारागिराचे.

ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांना एक सुचवावेसे वाटते. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू आहे, तरी अ‍ॅपमध्ये गट क्रमांक कुठे निवडायचा, फोटो कसा काढायचा, यावर वयस्कर खातेदार अडतात. कार्यालयात टीव्ही असेल तर असा एक कोरा केलेला फोन त्याला जोडावा आणि हंगाम सुरू होताना माहितीचा व्हिडिओ दोन-तीनदा लावावा. प्रत्यक्ष नोंद मात्र शेतात उभे राहून, चालू फोनवरूनच करायची आहे.