टायर उतरविण्याचें यंत्र कसें निवडावें

गिरगांवांत ज्यांचें बालपण गेलें त्यांना रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलेला पंक्चरवाला खास आठवेल. पुढ्यांत पाण्याचें घमेलें, बाजूला घण आणि दोन लोखंडी पट्ट्या. एक पट्टी टायरच्या कडेखालीं सारून गुडघ्यानें दाबून धरावयाची आणि दुसरीनें वीतवीतभर कड उचलीत जावयाचें, असा तो प्रयोग असे. प्रीमियर पद्मिनीच्या १४ इंची पोलादी रिमवर तो निर्वेध चाले, कारण टायर उंच, लवचिक, आणि आंत ट्यूब. बजाज चेतकचें चाक तर त्याहून सोपें. त्याची रिम दोन अर्धांची; नट सोडले कीं टायर आपसुक हातांत येई.

तो काळ सरला. २०२३ च्या ऑक्टोबरांत शेवटची पद्मिनी टॅक्सीहि रस्त्यावरून गेली. आतां आपल्या गल्लींत उभ्या असलेल्या पुष्कळशा गाड्यांना ॲल्युमिनियमची रिम आणि ट्यूब नसलेला, बुटका व ताठ टायर असतो. अशा रिमवर पट्टीचा खोल ओरखडा उठला तर तेथून हवा झिरपूं लागते. म्हणून दुकान कितीहि लहान असो, यंत्रावांचून गत्यंतर नाहीं.

आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनीं फंडांतील पैसे काढून मुलास असें दुकान घालून दिलें. मुलगा कष्टाळू, गाळा ऑपेरा हाउसच्या बाजूला, मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारालगत. यंत्र मात्र रंग आणि किंमत पाहून घेतलें. आठ महिन्यांत त्याची तबकडी डुगडुगूं लागली, आणि एके दिवशीं गिऱ्हाइकाच्या नव्या रिमची कड उडाली. भरपाई वडिलांनीं केली. विक्रेत्याकडे लागणारा भाग नव्हता. हें सर्व झाल्यावर ते माझ्याकडे आले. माझीं तीस वर्षें कारखान्यांत गेलीं आहेत. आधीं विचारतें तर जें सांगितलें असतें, तेंच आज सांगतों.

प्रथम यंत्र काय करतें तें पाहूं. डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा. परंतु आजच्या टायरचें मूळ १८९० सालीं चार्लस वेल्श या इंग्रज गृहस्थानें घेतलेल्या पेटंटांत आहे. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारेचें कडें असतें, त्यास कारागीर बीड म्हणतात. तें ताणलें जात नाहीं. मग रिमची उंच कड ओलांडून तें बाहेर येतें कसें? रिमच्या मध्यें एक खोल चर असतो. एका बाजूची बीड त्या चरांत ढकलली कीं समोरच्या बाजूस तेवढी सैलाई मिळते. सगळी विद्या एवढीच! पट्टी असो वा यंत्र असो, चर विसरला कीं बीड फाटते.

यंत्रांत हवेच्या दाबानें चालणारें एक रुंद पातें असतें. तें चिकटलेली बीड रिमपासून सोडवितें. चार पंजांची फिरती तबकडी रिम पकडते. आणि उभ्या खांबाच्या हातास बदकाच्या चोंचीसारखा एक भाग असतो, त्यावरून बीड सरकत बाहेर येते. चोंच रिमपासून दोन-तीन मिलिमीटर दूर राहिली पाहिजे. हें अंतर वजन आलें तरी ढळतां कामा नये. टिकाऊपणा म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून हें अंतर वर्षानुवर्षें न ढळणें होय.

म्हणून रंगाकडे न पाहतां खांबाकडे पाहा. हात पुढें ओढून चोंच धरा आणि जोरानें हलवा. सांध्यांत नवेपणींच खेळ असेल तर तें यंत्र तेथेंच सोडावें. वजनहि विचारा. मोटारींसाठीं असलेलें बऱ्यापैकीं यंत्र दोनशे किलोच्या आसपास भरतें. त्याहून फारच हलकें असेल तर पत्रा पातळ आहे असें समजावें. तबकडीखालीं गिअरपेटी असते. रिकाम्या तबकडीचा आवाज सर्वांचाच गोड असतो, म्हणून तिच्यावर ताठ टायर चढवून ती दोन्ही दिशांनीं फिरवावी आणि कान द्यावा.

खांब दोन प्रकारचे. एकांत आडवा हात दारासारखा बाजूला फिरतो. दुसऱ्यांत सबंध खांब हवेच्या जोरावर मागें कलतो. कलणारा प्रकार अधिक भक्कम, आणि एकाच मापाचीं चार चाकें ओळीनें करावयाचीं तर चोंच पुन्हां पुन्हां जुळवावी लागत नाहीं. परंतु त्यास मागें हात-दीड हात जागा लागते. गिरगांवांतील चाळीच्या तळमजल्यावरील गाळ्यांत ती कोठून आणणार? तेथें फिरता हातच बरा. पंजांचें मापहि पाहावें: रिम बाहेरून धरतांना १२ पासून १८-२० इंचांपर्यंत पकड हवी, दुचाकींचें काम घ्यावयाचें तर त्यांचे वेगळे पंजे त्याच वेळीं मागून घ्यावे. ॲल्युमिनियमसाठीं पंजांवर आणि चोंचींत प्लॅस्टिकचे तुकडे बसवितात. ते झिजतातच, दहा संच घरांत असावे.

बुटक्या टायरांसाठीं एक मदतीचा हात वेगळा मिळतो. विक्रेते तो चैनीची वस्तु म्हणून विकतात. मला तो मोठ्या गाड्या येणाऱ्या दुकानास आवश्यक वाटतो.

वीज आपल्याकडे बेस्टची. गाळ्यांत एक-फेज जोडणी असेल तर मोटार २३० व्होल्टचीच घ्यावी. तीन-फेजची मोटार घेऊन मग जोडणीच्या अर्जामागें धांवणें हें उलटें काम.

आतां हवा आणि पाणी यांविषयीं थोडें विस्तारानें बोलतों, कारण मुंबईंत यंत्रें झिजून मरण्यापेक्षां गंजून अधिक मरतात असा माझा अनुभव आहे. यंत्रास ८ ते १० बार दाबाची हवा लागते. पावसाळ्यांतील दमट हवा कंप्रेसरनें दाबली कीं तींतील वाफेचें पाणी होतें. तें नळीवाटे सिलिंडरांत गेलें कीं रबरी सील कुजतात, आंतील पत्रा गंजतो, आणि चौपाटीवरून येणारा खारा वारा बाहेरून तेंच काम करीत असतो. पाणी गाळणारी, दाब राखणारी आणि तेलाचा थेंब सोडणारी जोडपेटी यंत्राबरोबर आहे ना, हें पाहावें. कंप्रेसरच्या टांकीचा खालचा कॉक रोज संध्याकाळीं उघडावा.

जुन्या गाळ्यांतील शहाबादी फरशींत बोल्ट धरत नाहींत. चार फरशा उचलून कॉंक्रीट घालावें आणि यंत्र समपातळींत बसवावें. आमच्या शेजाऱ्यांची तबकडी डुगडुगली तिचें निम्में कारण पायाखालीं होतें.

पैसे देण्यापूर्वीं आपल्या ओळखीच्या गॅरेजांतून सर्वांत हट्टी टायर घेऊन विक्रेत्याकडे जावें आणि तो आपल्यासमोर उतरवून चढविण्यास सांगावें. बीडला साबणाचें पाणी लावतो कीं नाहीं, तेंहि पाहावें. सील, पंजे आणि चोंच दुकानांत ठेवलेली दाखवा म्हणावें. "मागवून देऊं" या उत्तरास फारसा अर्थ नाहीं. जुनें यंत्र घ्यावयाचें तर नळ्यांच्या जोडांवर साबणाचा फेंस लावून बुडबुडे पाहावे आणि पंजांचे दांते बोटानें चांचपावे.

एक गोष्ट मात्र यंत्रावर सोडतां येत नाहीं. टायर बसल्यावर बीड जागेवर येण्यासाठीं हवा भरतांना ४० पौंडांवर जाऊं नये. न बसली तर हवा सोडावी, पुन्हां साबण लावावा. हट्टानें दाब वाढविला तर बीडची तार तुटून टायर फुटतो, आणि वाकून पाहणारा कारागीर त्याच्या वाटेंत असतो.

शेजाऱ्यांनीं तें यंत्र अखेर काढून टाकलें. दुसरें आणावयास मुलगा गेला तेव्हां त्यानें खांद्यावर एक जुना, दगडासारखा ताठ टायर नेला होता. तीन दुकानांत तो उतरवून घेतला. चौथ्या दुकानांत पैसे दिले.