वितळलेल्या लोखंडावरचं पांघरूण

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडमध्ये डोळे मिटून उभे राहा. जाड प्लेटवर चढ्या करंटने वायरचं वेल्डिंग चालू असेल, तर सिलेंडरात कोणता गॅस आहे ते कानांनाही कळतं. फटफट-तडतड ऐकू आली तर कार्बन डायऑक्साइड, एकसारखी सुरसुर असेल तर आर्गॉनचं मिश्रण.

या गॅसचं काम राखणदारीचं. वितळलेल्या लोखंडाला हवा लागली की ऑक्सिजन आणि नायट्रोजन आत शिरतात, मग सांधा जाळीदार भाकरीसारखा भोकाभोकांचा होतो. आर्गॉन कशाशीच संयोग पावत नाही, पण महाग. 1953 मध्ये ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव्ह या सोव्हिएत संशोधकांनी स्टीलसाठी स्वस्त कार्बन डायऑक्साइड चालतो हे दाखवलं, आणि हे वेल्डिंग लहान कारखान्यांच्या आवाक्यात आलं. आपल्याकडे तर त्याचं नावच ‘सीओटू वेल्डिंग’ पडलं.

खरं तर हा गॅस विजेच्या आर्कच्या उष्णतेत फुटतो आणि थोडा ऑक्सिजन मोकळा होतो. तो पकडायला वायरमध्ये सिलिकॉन आणि मँगनीज घातलेलं असतं. गार झालेल्या बीडवर, म्हणजे सांध्यावरच्या धातूच्या पट्टीवर, काचेसारखे तपकिरी कण दिसतात ना, ते या झटापटीतून उरलेले. नखाने टोकरले तरी काही निघून येतात.

सिलेंडरात हा गॅस द्रवरूप असतो. त्याची वाफ होताना एवढी थंडी पडते की रेग्युलेटरवर बर्फ धरतो, म्हणून तिथे हीटर लावतात. आतला द्रव संपेपर्यंत दाबाचा काटा जवळपास जागचा हलत नाही, मग भराभर खाली येतो. नवी पोरं इथेच फसतात.

मग घ्यावा कुठला? निव्वळ आर्गॉन माइल्ड स्टीलला नको. बीड उंच बसतो, कडा खाल्ल्या जातात. 80 टक्के आर्गॉन आणि 20 टक्के कार्बन डायऑक्साइड या मिश्रणात आर्क शांत राहतो, छर्रे कमी उडतात. पातळ पत्रा, रंग देऊन दर्शनी भागात बसणारा जॉब असेल तर हेच घ्या. जाड चॅनेल, बेस फ्रेम, ट्रॉलीचा सांगाडा यांना कार्बन डायऑक्साइड उत्तम. सांधा खोलवर धरतो. त्याला गरिबाचा गॅस म्हणणं मला पटत नाही. मात्र हिशेब नुसत्या सिलेंडरच्या भावाचा करू नका, छर्रे काढत ग्राइंडर धरून बसलेल्या माणसाचे तासही त्यात मोजा.

आणि गॅसला दोष देण्याआधी डोक्यावरचा पंखा बंद करा. वारा लागला की पांघरूण उडतं. मिनिटाला 12 ते 15 लिटर प्रवाह बहुतेक कामांना पुरतो; फार वाढवलात तर गॅस स्वतःच भोवरे करून हवा आत ओढतो.

सिलेंडर ठरवण्याआधी तुमच्याच जॉबचे दोन तुकडे दोन्ही गॅसवर जोडा, आडवे कापा, घासून लख्ख करा आणि सांधा किती खोल गेलाय ते बघा.