बॅज म्हणतो १, इनबॉक्स म्हणतो ०

फेसबुकवर एके काळी एक चिवट बग होता. चॅटच्या चिन्हावर लाल ‘१’ दिसायचा आणि उघडून पाहावं तर नवा मेसेज नाहीच. दुरुस्ती व्हायची, काही दिवस बरे जायचे, की तक्रारी पुन्हा सुरू. वेब ॲप वाढू लागलं की असा पाहुणा बहुतेक टीमकडे येतो आणि त्याच्याबरोबर काही ठाम समजुतीही येतात.

‘कुणाचा तरी कोड कच्चा आहे.’ सुटा पाहिला तर प्रत्येक तुकडा बरोबरच असतो. फेसबुकवर न वाचलेल्या मेसेजांची खबर हेडरला हवी होती, चॅटच्या खिडकीला हवी होती आणि मेसेजच्या मुख्य पानालाही. जो तो आपल्या परीने ती बदलायचा. मग एका जागी वाचलेला मेसेज दुसऱ्या जागी कळवायचा कुणी? २०१४ च्या एफ८ परिषदेत फेसबुकच्या इंजिनियरांनी ‘फ्लक्स’ ही रचना मांडली. तिच्यात माहिती स्टोअरच्या ताब्यात असते. स्क्रीनने तिला परस्पर हात लावायचा नाही. ॲक्शन पाठवायची, डिस्पॅचर ती स्टोअरपर्यंत नेतो, स्टोअर स्वतःला बदलतं आणि मग स्क्रीन नव्याने रंगते. प्रवाह एकाच दिशेचा, त्यामुळे आकडा कुठे बिघडला हे शोधायला जागा एकच उरते.

माझं मत विचाराल तर त्याहून साधा नियम आधी पाळावा: जे मोजून काढता येतं ते साठवू नये. मेसेजची यादी हाताशी असेल, तर न वाचलेल्यांचा आकडा वेगळा ठेवायचाच कशाला?

‘मग सगळंच एका मध्यवर्ती स्टोअरमध्ये टाकू.’ २०१५ मध्ये असंच एकच स्टोअर ठेवणारी रिडक्स ही लायब्ररी आली आणि ही लाट उसळली. पुढच्याच वर्षी रिडक्सचा एक निर्माता डॅन अब्रामोव्ह यानेच लिहिलं की कदाचित तुम्हाला रिडक्सची गरज नसेल. ड्रॉपडाउन उघडा की बंद, हे त्या कंपोनंटपुरतंच राहिलेलं बरं.

‘टाइपस्क्रिप्ट आणलं की बग संपले.’ सार्वजनिक जावास्क्रिप्ट प्रकल्पांतले ४०० दुरुस्त झालेले बग तपासून २०१७ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. कोड चालण्याआधीच टाइप तपासणाऱ्या टाइपस्क्रिप्टने त्यातले सुमारे १५ टक्के पकडले असते. हा फायदा लहान नाही. पण आपल्या लाल ‘१’ चं काय? १ हाही नंबर, ० हाही नंबर. कंपायलरची तक्रार असायचं कारणच नाही.

‘जुनं मोडून नव्याने लिहू.’ नेटस्केपने ब्राउझर मुळापासून लिहायला घेतला. चौथ्या आवृत्तीनंतर थेट सहावी आली, तीही २००० साली, आणि तोवर इंटरनेट एक्स्प्लोररने बाजार काबीज केला होता. जुन्या कोडमधल्या विचित्र दिसणाऱ्या ओळींपैकी अनेक म्हणजे पूर्वीच्या बगांवरचे इलाज असतात. नव्याने लिहिताना त्याही पुसल्या जातात. त्यापेक्षा एकेक पान बदलत जावं.

टेस्टचंही असंच. कंपोनंट एकेकटे तपासून हिरव्या खुणा कितीही मिळाल्या, तरी हा बग सापडणार नाही, कारण तो दोघांच्या मध्ये राहतो. एकाच खात्याने दोन टॅब उघडा, एकात मेसेज वाचा आणि दुसऱ्यातला आकडा उतरतो का ते बघा. हीच टेस्ट ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या प्लेराइटसारख्या साधनाने लिहून ठेवली, की बग परत येताच ती लाल होते.