यमूची गोष्ट नववीच्या वर्गात

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी 1890 साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. राज्य व्हिक्टोरिया राणीचे होते, आणि आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडातला वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला 1905 साली मिळाले. पुण्यातल्या ब्राह्मण घरांची ही गोष्ट या जिल्ह्यातल्या दारव्हा, घाटंजी किंवा पांढरकवड्याच्या शाळेत नववी-दहावीला शिकवताना मध्ये दोन अंतरे पडतात. एक सव्वाशेहून अधिक वर्षांचे, दुसरे जातीचे. दुसरे ओलांडणे अधिक अवघड.

कादंबरी जाडजूड आहे. ‘कुमारभारती’चा अभ्यासक्रम सांभाळून तिला तीन-चार तासिका मिळाल्या तरी पुष्कळ. म्हणून शिक्षक तीन उतारे निवडतात: नायिका यमूच्या लहानपणीचे माहेर, लग्नानंतरचे मुंबईतले दिवस आणि वैधव्यानंतरचा शेवट. यांतला शेवट प्रथम वाचून दाखवण्याचा मोह होतो, कारण केशवपनाचा प्रसंग ऐकताना वर्ग स्तब्ध होतो. तो मोह टाळावा. शेवटापासून सुरुवात केली की मुलांना सासरचा एक दुष्ट शंकरमामंजी दिसतो, आणि त्याला शिव्या दिल्या की विषय संपला असे त्यांना वाटते. तो प्रसंग घडवणारी माणसे त्याआधी शेकडो पानांत रोजच्या साध्या वागण्यातून तयार झालेली असतात. शिकवायचे ते हेच.

सुरुवात भाषेपासून केली तर सोपी जाते. यमू आपली कहाणी स्वतः सांगते आणि लिहिणारा आहे सव्विशीतला एक पुरुष. ‘गेले’, ‘आले’, ‘म्हणाले’ ही स्त्रीलिंगी क्रियापदे तो पानोपान सांभाळतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुली घरी ‘मी गेली’, ‘मी आली’ म्हणतात. पुस्तकातले ‘मी गेले’ त्यांना पुण्याचे वाटते. याच ठिकाणी थांबून यमूचे एखादे वाक्य वर्गाला आपल्या बोलीत म्हणायला सांगावे. पुस्तकातली बाई मग एकदम घरातली होते. मुलग्यांनाही तेच वाक्य ‘गेली’ लावून म्हणायला सांगावे. थोडा हशा होतो, तो होऊ द्यावा. त्यानंतर मिळणारी शांतता फार कामाची असते.

दुसरे काम कोण कोणाशी कसे बोलते हे टिपण्याचे. वही मधोमध दुमडून एका बाजूला ‘अहो’, दुसऱ्या बाजूला ‘अगं’. वडिलांची चाहूल लागताच कोण गप्प होते, चारचौघांत नवऱ्याशी बोलण्याची चोरी कोणाला, वाचायला शिकणे कोणापासून लपवावे लागते, हे मुले उताऱ्यातून शोधतात. मुंबईच्या उताऱ्यात हीच नोंद बदलते. नवरा रघुनाथराव आणि यमू यांच्यात बरोबरीचे बोलणे सुरू होते. भूमिका जन्माने ठरत नाही, घर बदलले की तीही बदलते, हे मुलांना व्याख्येविना कळते. बालपणीची मैत्रीण दुर्गी इथे सोबत ठेवावी. तिच्या वाट्याला आलेला नवरा पाहिला की यमूचे सुख एका माणसाच्या भलेपणावर किती टांगलेले होते ते उमगते.

यानंतर बहुधा वर्गातून आवाज येतो, ‘आमच्यात तर पाट लागायचा.’ कुणबी, बंजारा, गोंड, कोलाम अशा घरांतली मुले बसलेली असतात. सक्तीचे वैधव्य आणि केशवपन ही मुख्यतः उच्चवर्णीय चाल होती, आणि कित्येक समाजांत विधवेचा पुनर्विवाह, म्हणजे पाट, रूढ होता. हा आक्षेप धड्याला पुढे नेतो. 1856 चा विधवाविवाहाचा कायदा मुख्यतः कोणासाठी लागला हा प्रश्न त्यातूनच निघतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 चे; तेही वऱ्हाडातूनच आले हे मुलांना मुद्दाम सांगावे. 1890 मध्येच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केस कापायचे नाहीत असे ठरवले. वस्तरा हाती असलेल्या माणसाने दिलेला हा नकार कादंबरीतल्या सुधारकांच्या बोलण्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो न सांगता हा पाठ शिकवणे अन्यायाचे ठरेल.

कादंबरीतल्या भूमिकांवरून आजच्या शेताकडे वळताना प्रश्न कामांचे ठेवावेत. निंदण आणि कापूस वेचणी बाईची. डवरणी, फवारणी पुरुषाची. सातबारा बहुतेक पुरुषाच्याच नावावर. फवारणीचा पंप पाठीवर घेणे हे पुरुषाचे काम मानले जाते, आणि 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. मुलग्यांना इथे प्रथमच वाटते की हा धडा आपलाही आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. ‘तुमच्या घरी कोण विधवा आहे?’ असे वर्गात कधीही विचारू नये. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यात ज्याचे वडील गेले आहेत असे मूल समोरच्या बाकावर असू शकते. त्यापेक्षा सर्वांना ठाऊक असलेली घटना घ्यावी. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला भरलेल्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. यमूची कहाणी पुरुषाने लिहिली. इथे विधवा बाई स्वतः मंचावरून बोलली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो शेवटच्या उताऱ्याशेजारी ठेवून वाचता येतो. अजून ठराव करावा लागतो, याचा अर्थ काय, हे मुलांनीच बोलावे.

लेखनाचा स्वाध्याय एकच पुरे: शेवटचा प्रसंग त्याच घरातल्या दुसऱ्या बाईच्या तोंडून, आपल्या बोलीत, एका पानात. तपासताना शुद्धलेखनाला हात लावू नये. ‘मी होती, पण काही बोलली नाही’ अशी वाक्ये त्यात येतात, आणि त्यांतले ‘होती’ लाल शाईने ‘होते’ करू नये.