रिकामा रकाना परवडला

घरातल्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर आई चिवड्याचं पाकीट उलटून वाचल्याशिवाय घेत नाही. पाकिटाच्या मागे घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. शेंगदाणे, दूध, सोयाबीन, अंडी असे ॲलर्जी आणणारे पदार्थ त्यात असतील तर तसं सांगणं आपल्याकडे बंधनकारक आहे. त्या ओळीला उत्पादक जबाबदार असतो.

पण हाच चिवडा मोबाइलवरून मागवताना हातात पाकीट नसतं. विक्रेत्याने घटकांचा रकाना रिकामा सोडला आणि तो एआयने भरला, तर? एआयने ते पाकीट पाहिलेलं नसतं. चिवड्याच्या असंख्य वर्णनांवरून या चिवड्यात काय असावं, एवढंच ते सांगतं. बऱ्याचदा ते जुळतंही, म्हणूनच चुकतं तेव्हा कुणाला शंका येत नाही. यादीत काजू नाही म्हणजे चिवड्यात काजू नाही, असं आपण धरून चालतो. खरं तर काजूची कुणी खात्रीच केलेली नसते.

बारकोडचंही तसंच. ८९० ने सुरू होणारा बारकोड दिसला की वस्तू भारतात बनली, असा निष्कर्ष सहज निघतो. प्रत्यक्षात त्या आकड्यांवरून तो क्रमांक ‘जीएस१ इंडिया’ या संस्थेने दिला, एवढंच कळतं. माल कुठे तयार झाला, ते वेष्टनावरच वाचावं लागतं.

यावर उपाय आहे. फ्रान्समध्ये २०१२ साली सुरू झालेल्या ‘ओपन फूड फॅक्ट्स’ या खुल्या माहितीसाठ्यात स्वयंसेवक वेष्टनांचे फोटो चढवतात. तिथली ‘रोबोटॉफ’ ही संगणकप्रणाली त्यावरून अंदाज बांधते आणि त्यांतले अनेक अंदाज प्रश्न म्हणून माणसांपुढे ठेवते. कुणीही मूळ फोटो उघडून ताडून पाहू शकतो.

हीच शिस्त प्रत्येक विक्री-ॲपने पाळायला हवी. माहितीशेजारी ती वेष्टनावरून घेतली, उत्पादकाने कळवली की यंत्राने अंदाजाने भरली, ते लिहावं, तारीखही द्यावी. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांची गल्लत करू नये. ॲलर्जीच्या बाबतीत तर अंदाज नकोच, रिकामा रकाना परवडला.

तोवर एवढं करा: घरी आलेलं पाकीट फोडण्याआधी उलटून वाचा.