गुरूचं रेडिओ स्टेशन दिल्लीत लागतं का?

नोव्हेंबरात दिल्लीवर धुरकं बसलं की हौशी आकाशनिरीक्षक दुर्बिणीवर कापड टाकतात. ‘आता गुरूचं काही खरं नाही!’ डोळ्यांपुरतं ते बरोबर आहे. पण गुरूकडून येणाऱ्या 15 मीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरींना धुरक्याचं सोयरसुतक नसतं. त्यांना खरा त्रास शेजाऱ्याचा इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी दिवे आणि विजेच्या तारांचा. तेव्हा एनसीआरबाहेर, वस्तीपासून दूर जाणंच बरं.

गाडीतल्या एफएमवर मात्र गुरू कधीच लागणार नाही. एफएम 88 मेगाहर्ट्झला सुरू होतो, गुरूची ही खरखर 40च्या आतच संपते. चुंबकीय क्षेत्र जितकं जोरकस, तितके इलेक्ट्रॉन त्याभोवती भराभर फिरतात आणि वारंवारता चढते. गुरूच्या ध्रुवांजवळ ती तिथवरच पोचते. अवाढव्य तबकडीही लागत नाही. 20 मेगाहर्ट्झसाठी साधारण 7 मीटर तार आणि शॉर्टवेव्ह रिसीव्हर पुरतो. ऐकू येतो तो आवाज रिसीव्हरचा. अवकाशातून येतात त्या लहरीच. त्याही चोवीस तास नाहीत: गुरूची कोणती बाजू आपल्याकडे आहे आणि आयो हा उपग्रह कुठे आहे, यावर सगळं अवलंबून.

सगळ्यात मोठा घोटाळा पुढेच आहे. गुरूचा रेडिओ एकच, असं बरेच जण धरून चालतात. ध्रुवांकडच्या खरखरीचं ध्रुवीभवन, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, बहुतांशी वर्तुळाकार असतं, उत्तरेकडून उजवं, दक्षिणेकडून डावं. विषुववृत्ताभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांमधून, काही सेंटिमीटर ते मीटरभर लांबीच्या लहरी येतात, त्यांचं रेखीय. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण काम करते ती या दुसऱ्या लहरींच्या टापूत. ते रेखीय ध्रुवीभवन पकडलं सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव व्ही. राधाकृष्णन आणि जेम्स रॉबर्ट्स यांनी, कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीत. 1960च्या त्यांच्या निबंधानुसार लहरींचा उगम गुरूच्या व्यासाच्या सुमारे तिप्पट पसरलेला होता. म्हणजे लहरी गुरूच्या तापलेल्या ढगांतून येतात, ही अटकळ निकालात निघाली.

पुढे लक्षात आलं, की गुरू स्वतःभोवती फिरतो तसं हे ध्रुवीभवन दोन्ही बाजूंना डुलतं. त्यावरून चुंबकीय अक्ष सुमारे 10 अंशांनी कललेला असल्याचं गणित मांडलं गेलं. पायोनियर 10 यान गुरूपाशी पोचलं ते त्यानंतर, डिसेंबर 1973मध्ये; त्याच्या मोजमापांतही कल तेवढाच, दहाएक अंशांचा निघाला.