रेडिएशन म्हणजे ‘शेक’ नव्हे

राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय नागपूरच्या तुकडोजी चौकात, म्हणजे नंदनवन वस्तीपासून जवळच आहे. तरीही स्तनाच्या कर्करोगासाठी ‘आता शेक (म्हणजे रेडिएशन) घ्यावा लागेल’ असे कळले की घरातल्या बाईच्या पोटात गोळा येतो. भीतीचे मूळ बरेचसे ‘शेक’ या शब्दातच आहे.

गैरसमज : शेकाने आतून भाजते.
वस्तुस्थिती : यात उष्णता नसतेच. यंत्रातून येणारे क्ष-किरण पेशींमधील डीएनए तोडतात. निरोगी पेशी स्वतःला बऱ्याच प्रमाणात सावरतात, कर्करोगाच्या पेशींना ते नीट जमत नाही. किरण सोडताना दुखत नाही. काही दिवसांनी त्वचा लाल किंवा काळसर पडते, थकवा येतो. बहुतेकींचा हा त्रास उपचारानंतर काही आठवड्यांत ओसरतो.

गैरसमज : गाठ काढली, आता रेडिएशन कशाला?
वस्तुस्थिती : डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले. फक्त गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९ टक्के जणींना त्याच स्तनात रोग उलटला. रेडिएशनही घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. पूर्ण स्तन काढल्यावरही काखेतल्या गाठींत रोग पसरला असेल, तर अनेकदा रेडिएशन लागते.

गैरसमज : या काळात लेकरांना जवळ घेऊ नये.
वस्तुस्थिती : बाहेरून दिलेले किरण यंत्र थांबताच संपतात, अंगात उरत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

गैरसमज : डोक्यावरचे केस जातात.
वस्तुस्थिती : केस जातात ते बहुधा केमोथेरपीने. रेडिएशनचा केसांवरचा परिणाम किरण पडतात तिथेच होतो.

गैरसमज : दीड-दोन महिने रोज जावे लागते.
वस्तुस्थिती : आता अनेकींना तीन आठवड्यांत १५ वेळा पुरते, निवडक रुग्णांना आठवड्याभरात ५ वेळाही. एका वेळेला सहसा काही मिनिटेच लागतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात किरण दिलेल्या जागेला ऊन लागू देऊ नका, सैल सुती कपडे घाला. डॉक्टरांना न विचारता हळद, लेप, बाम लावू नका. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करा. किरणोपचार तिच्यात येतात.

आणि एक कळकळीची विनंती : थोडे बरे वाटले म्हणून किंवा त्वचा काळवंडली म्हणून उपचार मध्येच सोडू नका. त्रास डॉक्टरांना सांगा, पण ठरलेले दिवस पूर्ण करा.